देणगी नको, युनिटमागे वाटा ठरवा : सौर कंपन्यांना एका वायरमनचे खुले पत्र

गोव्यात सौर प्रकल्पांसाठी जागा शोधणाऱ्या कंपन्यांच्या संचालक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

शिमग्याच्या थोडे आधी आमच्या गावात एक पांढरी गाडी आली होती. दोन तरुण उतरले, सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, ड्रोन उडवला आणि तासाभराने माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबले. त्यातल्या एकाने मोबाइलवर नकाशा दाखवून विचारले, "काका, ही वरची जमीन पडीकच ना?" मी उत्तर जुळवतोय तोवर त्याचा फोन वाजला आणि दोघे निघून गेले. ते राहिलेले उत्तर आज लिहून देतो आहे. जरा लांबले आहे, सांभाळून घ्या.

मी डिचोली तालुक्यातला वायरमन. घरांचे वायरिंग, पंपांचे स्टार्टर, जत्रेतली रोषणाई आणि गेली काही वर्षे छतावरची सौर पॅनेल, ही माझी कामे. त्यामुळे मी सौर विजेच्या विरोधात आहे असे कृपया समजू नका. माझे निम्मे पोट तिच्यावर चालते. गोवा स्वतः नाव घेण्याजोगी वीज बनवत नाही. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा कोरबा-विंध्याचलच्या कोळशावर जळतो. तो धूर तिथल्या लोकांनी किती दिवस खायचा, हा प्रश्न मला पडतो. २०५० पर्यंत सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायची असे आमच्या सरकारने ठरवले आहे, म्हणजे तुम्ही येणार हे नक्की. या. फक्त येण्यापूर्वी, तुमच्या आधी इथे कोण येऊन गेले ते ऐकून घ्या.

माझ्या थोरल्या भावाने २००९ साली बँकेचे कर्ज काढून टिपर घेतला. तेव्हा आमच्या भागातले लोहखनिज बार्जेसमधून मुरगावला आणि तिथून चीनला जात होते. दारात टिपर उभा असला की त्या घराला मुलगी द्यायला लोक पुढे यायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, म्हणून भावाने टिपरला नवे टायर घातले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प झाले. टिपर फणसाखाली उभा राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या हौद्यात गुडघाभर रान माजले होते. शेवटी तो भंगारात गेला. हप्ते मात्र नंतरही चालूच राहिले.

खाणीने आम्हाला काही दिले नाही म्हटले तर ते खोटे ठरेल. विहिरी आटल्यावर टँकर दिला, शाळेला बाक दिले, फुटबॉलच्या पोरांना जर्सी दिली, देवळाच्या मंडपाला पत्रे दिले, शेतात गाळ गेला तर वर्षाअखेरीस नुकसानभरपाईचे पाकीटही दिले. पण यातली एकही गोष्ट हक्क म्हणून कागदावर नव्हती. साहेब खूश असले की टँकर दोनदा यायचा, कुणी ग्रामसभेत तोंड उघडले की त्याच्या वाड्यावर आठवडाभर यायचा नाही. आणि धंदा थांबला त्या दिवशी टँकरही थांबला. विहिरी मात्र तशाच कोरड्या राहिल्या. शिरगावच्या लोकांना विचारा, ते जास्त नीट सांगतील.

मी देणगीला का बिचकतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तुम्हीही बहुधा सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी, देऊ करणार. त्याची गंमत मला एका सनदी लेखापाल गिऱ्हाइकाने त्याच्या घरचा इन्व्हर्टर बसवताना समजावली. कंपनी कायदा २०१३ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची असते, आणि तेही कंपनी ठरावीक आकाराच्या पुढे गेली तर. तुम्ही मात्र प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी छोटी कंपनी काढता. तिच्या डोक्यावर कर्ज असते, घसारा असतो, पहिली काही वर्षे कागदावर नफा दिसतच नाही. म्हणजे ज्या कंपनीची पॅनेल आमच्या डोक्यावर, तिच्यावर बंधन शून्य; आणि ज्या मूळ कंपनीवर बंधन आहे तिचे कार्यालय मुंबईत नाहीतर गुरुग्रामात. तिने आमच्या गावाला काही पाठवले तर ती मेहेरबानी झाली. यात बेकायदा काही नाही. म्हणूनच ते जास्त खटकते.

माझे मागणे एका ओळीचे आहे. गावाचा वाटा नफ्याला बांधू नका, मीटरला बांधा.

नफा तुमच्या लेखापालाच्या हातात असतो, पण मीटर सगळ्यांना दिसतो. हिशेब वायरमनच्या पद्धतीने करून दाखवतो. एक मेगावॅटला साधारण चार एकर जागा लागते आणि त्यातून वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट निघतात. आमचा पाऊस धरला तर थोडे कमी धरा. समजा तुमचा प्रकल्प दहा मेगावॅटचा, चाळीस एकरांवर. वर्षाला दीड कोटी युनिट. युनिटमागे दहा पैसे बाजूला काढले तर पंधरा लाख रुपये. सध्या देशातल्या मोठ्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला अडीच-तीन रुपयांच्या घरात असतो, लहान प्रकल्पांना थोडा जास्त मिळतो. म्हणजे मी रुपयामागे तीन-चार पैसे मागतो आहे. तीनशे घरांच्या गावात पाच लाख सार्वजनिक कामाला ठेवून उरलेले वाटले, तर घरामागे वर्षाला सुमारे ३,३०० रुपये येतील. कुणाचे घर त्यावर उभे राहणार नाही हे मलाही कळते. पण ते पंचवीस वर्षे येतील, कुणाच्या पाया न पडता येतील, आणि प्रकल्प नीट चालावा अशी गावाची स्वतःची इच्छा असेल. केबल चोरीला गेली तर गावातला माणूस तुमच्या आधी धावेल, कारण त्या दिवशी त्याचाही मीटर थांबलेला असेल.

हे माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. आपल्याच देशाच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज मोफत द्यायची तरतूद आहे, शिवाय राज्याला मिळणाऱ्या १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का स्थानिक विकास निधीसाठी. धरणाच्या विजेला हा नियम असू शकतो, तर सूर्याच्या विजेने काय पाप केले? जर्मनीत २०२१ च्या कायद्यापासून वीज कंपन्यांना युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत रक्कम जवळच्या नगरपालिका-पंचायतींना देता येते. आपल्या पैशात ते अठरा-वीस पैसे होतात. डेन्मार्कने २००८ च्या कायद्यात पवनचक्क्यांच्या साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना किमान २० टक्के भागीदारी देऊ करणे सक्तीचे केले होते. पुढे तो नियम बदलून थेट वार्षिक बोनस आणला. भागीदारी ऐकायला गोड आहे, पण शेअर विकत घ्यायला आधी खिशात पैसे लागतात. टिपर घेताना आम्ही तेच केले होते, म्हणून मी दहा पैशांवरच अडून बसतो.

लांब कशाला जा, सीमेपलीकडे महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षे मिळतात. चांगली सुरुवात आहे. पण प्रकल्प पंचवीस वर्षांचा आणि गावाचा वाटा तीन वर्षांचा, हे गणित मला चौथीतल्या पोराला समजावता येणार नाही.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. दर लिलावात ठरतो, एकट्याने दहा पैसे चढवले तर काम दुसऱ्याला जाते. बरोबर आहे. म्हणून हे पत्र कुणा एका कंपनीला नसून सगळ्यांना आहे. तुम्ही मिळून गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे आणि संयुक्त वीज नियामक आयोगाकडे मागणी करा की निविदेतच गावाचा वाटा छापा, म्हणजे सगळ्यांना तो सारखाच लागू होईल. सवलती मागायला तुम्ही एकत्र जाताच की. एकदा यासाठीही जा.

आता खरा गुंता. वाटा द्यायचा कुणाला?

तुमचा वकील एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढेल, त्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी भाडेकरार करेल आणि जमिनीचा प्रश्न सुटला असा शेरा मारेल. गोव्यात त्या उताऱ्यावर भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, नाव असते, कधी कोमुनिदाद या गावसंस्थेचे, कधी सरकारचे. त्या जमिनीवर काजू लावणारा, कुंपणाला दगड रचणारा, गुरे सोडणारा माणूस त्या कागदावर असतोच असे नाही. मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून, तीन पिढ्या राहिलेल्या घराची नोंद अजून मामलेदाराच्या कचेरीत रेंगाळत असते. सत्तरीतल्या मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून काय झाले ते वकिलांना जरूर विचारा. कागदावर जमीन सरकारची होती, पण त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्यांची काजूची बने उभी होती. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तो प्रकल्प तिथून मागे घ्यावा लागला. त्याआधी बायका-माणसे रस्त्यावर बसली होती, लाठ्या खाऊन झाल्या होत्या.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पावगडचा सौर पार्क आहे, २,०५० मेगावॅटचा, सुमारे १३,००० एकरांवर. तिथे जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्याने घेतली, दर दोन वर्षांनी वाढीसह. कोरडवाहू भागात हे भाडे पिकापेक्षा बरे, आणि जमीन मालकाच्या नावावरच राहिली. ही पद्धत मला आवडते. तुम्हीही विकत घेऊ नका, भाड्यानेच घ्या. पण तिथला जो माणूस दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचा, त्याचे शेतही गेले आणि भाडेही त्याला नाही. शेंगा खुडायला, मेंढरे चारायला जागाच उरली नाही. मालकाला भाडे मिळाले की गावाचे भले झाले, असे धरून चालणे हीच सगळ्यात सोपी चूक.

यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे, आणि त्यात जुनी खोटही आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गोव्यात गावकरी ही गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था होती. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, ती जास्त ठळक, आम्ही नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादीतले. गावची शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला द्यायची. आलेल्या पैशातून आधी खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, दुरुस्त करायच्या, कारण बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. मग देवस्थान, मग गावखर्च, आणि शेवटी जे उरेल ते गावकारांत झोण म्हणून वाटायचे. आधी बांध, मग झोण. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. तुमच्या कराराची पहिली ओळ हीच असावी.

खोट अशी, की झोण मिळायचा तो गावकार घराण्यातल्या पुरुषांना. बांधावर चिखल वाहणाऱ्या बायकांचे, कुळांचे, मुंडकारांचे नाव वाट्याच्या यादीत नाही. तुमच्या पैशावर हीच यादी पुन्हा लिहिली जाईल, आणि ती लिहायला गावातलेच चार वजनदार लोक सगळ्यात आधी तुमच्या गेस्ट हाउसवर पोहोचतील. त्यांना चहा पाजा, पण यादी त्यांच्या हातात देऊ नका.

मग यादी कुठून आणायची? माझी सूचना ऐका. आमच्याकडे जमिनीचा कागद प्रत्येकाकडे नाही, पण विजेचा मीटर जवळजवळ प्रत्येक घराला आहे. मुंडकाराच्या घराला आहे, विधवेच्या खोलीला आहे, धनगरवाड्यावरही आहे. वाटा घरगुती मीटरप्रमाणे वाटा आणि थेट वीजबिलात जमा करा. वीज खाते गोव्यात अजून सरकारी आहे, म्हणजे एकाच खात्याशी बोलायचे आहे. दिल्लीकरांनी सुट्टीसाठी घेतलेले बंगले वगळायला मतदार यादी ताडून पाहा. एका मीटरवर तीन भावांच्या तीन चुली असतील, त्यावरून ग्रामसभेत भांडण होईल. होऊ द्या. भांडण उघड्यावर झाले की ते मिटते.

ग्रामसभेचे निघालेच म्हणून सांगतो. सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. खाणीच्या वेळी निदान मंडप घालून, खुर्च्या मांडून आमचे म्हणणे ऐकल्याचे नाटक तरी व्हायचे. जाडजूड अहवाल इंग्रजीत असायचा आणि म्हाताऱ्या माणसांना तो उलटा धरला तरी फरक कळत नसे, ही गोष्ट वेगळी. तुम्हाला कायद्याने ते नाटकही करावे लागणार नाही. म्हणून तुम्ही आपणहून या. आमच्या ग्रामसभा रविवारी सकाळी असतात. कराराचा मसुदा मराठीत आणि कोंकणीत छापून महिनाभर आधी पंचायतीच्या फलकावर लावा. भाडे किती, किती वर्षे, वाटा किती, पाणी कुठले, रस्ता कुठून, हे पाच मुद्दे दोन पानांत बसतात.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. सडा पडीक नसतो.

ड्रोनने पाहिला तेव्हा तो करपलेला होता, कारण उन्हाळा तोंडावर होता. जुलैत या. त्या काळ्या-तांबड्या जांभ्या दगडाच्या फटीफटीत फुले असतात, डबक्यांत बेडूक, गवतात गुरे. तो दगड स्पंजासारखा पाऊस पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांना वर्षभर पुरवतो. आमची वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती, त्या झऱ्यांवर होते, कुळागरातल्या सुपारीला तेच पाणी लागते. वरती बुलडोझर फिरवून सपाटी केली की खालच्या शेतकऱ्याला ते दोन-तीन वर्षांत कळते, आणि तोवर तुमचा कंत्राटदार दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चाळीस एकरांवर तिरक्या काचा बसवल्या की प्रत्येक काचेच्या कडेखाली धार लागते, धारेची घळ होते, आणि घळीतून माती खालच्या शेतात. खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गाळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पिसुर्ल्याच्या शेतांत खाणीचा गाळ साचून किती वर्षे पीक घेता आले नाही, ते तिथल्या माणसांकडून ऐका. म्हणून पाया खणण्याआधी चर आणि गाळ अडवणारी तळी खणा, पॅनेलवरचे पाणी तिथेच साठवा. तेच पाणी मार्च ते मेमध्ये काचा धुवायला वापरता येईल, गावच्या विहिरीकडे बादली घेऊन यायची वेळ येणार नाही. गवतावर तणनाशक मारू नका. ते कापायला माणसे लावा, गुरांना चारा होईल. खांब थोडे उंच ठेवले तर खाली अळसांद्याचा, म्हणजे चवळीचा, वेल नाहीतर हळद का होऊ नये? मी शेतकी खात्याचा माणूस नाही, पण माझ्या पत्नीने आमच्या छतावरच्या पॅनेलच्या सावलीत कुंड्यांतून आले घेतले आहे आणि ते बरे आले.

खाणींचे सोडलेले ढिगारे आहेत, तिथे का जात नाही, असे तुम्हाला बरेच जण विचारतील. मीही विचारतो. ढिगारा पावसात सरकतो, पाया महाग पडतो, मालकीचे वाद आहेत आणि २०२२ पासून खाणींचे पुन्हा लिलाव सुरू झाले आहेत, हे सगळे मान्य. तरीही ज्या जमिनीने एकदा मार खाल्ला आहे तिच्यावर खर्च करून बसवणे आणि ज्या सड्याला अजून ओरखडा नाही तो सोडणे, यात मला जास्त माणुसकी दिसते.

अजून एक गोष्ट तुमचे लोक गावात सांगत नाहीत. गावकऱ्यांना वाटते, प्रकल्प आपल्या सड्यावर आला म्हणजे आपल्याकडे वीज जाणार नाही. मी वायरमन असल्याने रोज हा प्रश्न ऐकतो. तुमची वीज वरच्या दाबाच्या तारेने सबस्टेशनला जाते. पहिल्या पावसात काजूची फांदी तारेवर पडून फीडर गेला की आमचे दिवे जातात, आणि ग्रिड नसला की तुमचे इन्व्हर्टरही आपोआप बंद होतात. तारेवर चढलेल्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून ती व्यवस्थाच तशी आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण गावाला जे दिसते ते दिव्याखालचा अंधार. साळावली धरणासाठी सांग्यातले कुर्डी गाव, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, पाण्याखाली गेले. तिथून वाडे आणि वालकिणीला हलवलेल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार काय होती? त्याच धरणाचे पाणी त्यांच्या नळाला येत नाही. दर मे महिन्यात पाणी ओसरले की ते लोक सोमेश्वराच्या उत्सवाला परत त्या मातीत जातात. असे दुसरे गाव विजेच्या बाबतीत करू नका. प्रकल्पाच्या खर्चात आरोग्य केंद्र, नळयोजनेचा पंप आणि पंचायत घर यांच्यासाठी बॅटरीसह वेगळी छोटी यंत्रणा धरा. कोट्यवधींच्या प्रकल्पात ती रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे.

नोकऱ्यांबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या थोड्याच आहेत. उभारणीच्या सहा-आठ महिन्यांत शेकडो हात लागतात, नंतर दहा मेगावॅटला काही रखवालदार, काही तंत्रज्ञ, काही सफाईवाले. "गावातल्या प्रत्येक घराला नोकरी" असले फलक लावू नका, मोपा विमानतळाच्या वेळी लोकांनी बरेच फलक वाचले आहेत. त्यापेक्षा डिचोलीच्या आयटीआयमधल्या पोरा-पोरींना उभारणीपासून सोबत घ्या. केंद्र सरकारचा सूर्यमित्र अभ्यासक्रम आहेच, पण वर्गात बसून स्ट्रिंगचा, म्हणजे जोडलेल्या पॅनेलांच्या साखळीचा, व्होल्टेज मोजणे वेगळे आणि सप्टेंबरच्या उन्हात शेवाळलेल्या जांभ्यावर उभे राहून बिघाड शोधणे वेगळे. आणि शिकलेल्याला रखवालदार करू नका. तुमच्याकडे शिकलेला माणूस उद्या गावाच्या छतांवर पॅनेल बसवेल. तीन किलोवॅटला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळते, पण उरलेली रक्कम आधी भरायला गरीब घराकडे नसते. त्या रकमेला तुम्ही बँकेत जामीन राहिलात, तरी माझ्यासारख्या दहा जणांचा धंदा उभा राहील. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

शेवटचा मुद्दा शेवटाचा. पंचवीस वर्षांनी काय? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आली आहेत, ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. पण चाळीस एकरांतले काँक्रीटचे पाये, गंजलेले सांगाडे, पुरलेल्या केबली कोण उपटणार? तोपर्यंत तुमची छोटी कंपनी दोन-तीनदा विकली गेलेली असेल, शेवटच्या मालकाकडे नाव सोडून काही नसेल. फणसाखाली गंजणारा टिपर मी रोज पाहिला आहे, सड्यावर चाळीस एकर तसे पाहायची इच्छा नाही. म्हणून दहाव्या वर्षापासून युनिटमागे काही पैसे वेगळ्या खात्यात टाका, त्यावर पंचायत आणि कंपनी दोघांच्या सह्या असू द्या. आणि कंपनी विकली तरी गावाशी केलेला करार जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाईल, असे त्यात स्पष्ट लिहा. आमच्या भागात खाणीच्या साहेबांनी तोंडी दिलेले बरेच शब्द त्यांच्या बदलीबरोबर गेले.

यातले किती तुम्ही ऐकाल, मला अंदाज नाही. भाऊ म्हणतो, एवढे लिहिण्यापेक्षा दोन घरांचे वायरिंग झाले असते. पण ती पांढरी गाडी परत येणार आहे असे ऐकतो. येताना मसुदा घेऊन या, इंग्रजीत असला तर मी आणि शाळेतले गुरुजी मिळून वाचू. आणि प्रकल्प झालाच तर मीटरचा डिस्प्ले कुंपणाच्या आत न ठेवता रस्त्याच्या बाजूला, पंचायत घराच्या भिंतीवर लावा, मोठ्या आकड्यांचा. चष्मा नसलेल्यांनाही वाचता आला पाहिजे. वायरिंग मी फुकट करून देईन.

देव बरे करू.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक वायरमन